बुधामावशीच्या आढ्यावरचं गवत

बुधामावशीनं मला फसवलं. एक-दोन दिवस नाही, अकरा महिने, माझ्याच घरात, माझ्याच मुलीला हाताशी धरून. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी तिच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिणार आहे आणि तेवढ्यावरून मला कुणी नरम पडलेला समजू नये.

ती कुरवंड्याच्या वरच्या वाडीतली, डोंगरातली काटक बाई. लोणावळ्यात माझ्याकडे धुण्याभांड्याला यायची. आल्या आल्या आधी मागच्या अंगणातल्या पिंजऱ्याशी जायची, माझ्या मुलीच्या सशाची, गोटूची, एक लेंडी उचलायची, दोन बोटांत चुरडायची आणि उजेडाकडे धरून बघायची. कोरडी निघाली, आत गवताचा भुसा दिसला, की मान हलवून कामाला लागायची. मला किळस यायची. एकदा बोललो, तर म्हणाली, "भाऊ, ससा काय बोलनार? लेंडी बोलती. ती खोटं न्हाई बोलत."

माझं बाजारात पशुखाद्याचं दुकान आहे. बेगडेवाडी स्टेशनावर पाटीत काकड्या विकण्यापासून मी इथवर आलो; उर्स्यातल्या भावकीनं कधी हात दिला नाही. भाव पाडल्याशिवाय मी वस्तू घेत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. बायको लवकर गेली, ऋतुजाला मी एकट्यानं वाढवलं. ससा तिला मीच आणून दिला, विकणाऱ्याशी अर्धा तास घासाघीस करून, पिंजराही त्याच पैशांत पदरात पाडून. दुकानातलं सगळ्यात महाग खाद्य घरी आणलं: रंगीत गोळ्या, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया.

पहिल्याच आठवड्यात मावशी गवताची पेंढी घेऊन आली आणि दहा रुपये म्हणाली. डोंगरात फुकट उगवणाऱ्या गवताला दहा रुपये. मी पाचावर आणलं, तिनावर आणलं आणि शेवटी म्हटलं, नकोच, आमच्याकडे खाद्य आहे. मधे ती काहीतरी सांगत होती. ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

गोटू तुकतुकीत झाला. रविवारी मी त्याला दुकानात गल्ल्याशेजारी बसवायचो आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, हे बघा आपल्या खाद्याचं काम. बंगलेवाले पिशव्या उचलायचे. घरात मात्र माझी किंमत उतरत चालली होती. ऋतुजा शाळेतून आली की दप्तर टाकून मावशीला शोधायची. दोघी पिंजऱ्याशी बसून कुजबुजायच्या, मी गेलो की गप्प. मी काही आणलं तर "ठेवा तिथं, बाबा." मावशीनं पदरात बांधून आणलेली करवंदं मात्र तिच्या हातातून ओढून खायची.

अंडीही मी मावशीकडूनच घ्यायचो. पिवळ्याधमक बलकाची अंडी. डझनामागे पाच रुपये पाडायचो आणि मनात खूश व्हायचो.

एका पावसाळी सकाळी ती आली नाही, म्हणून वाडीवर गेलो. दारात तिच्या कोंबड्या चिखलातून काहीतरी टिपत होत्या. वाकून बघितलं, तर माझ्या रंगीत गोळ्या. आत चुलीवरच्या आढ्याला गवताच्या पेंढ्या टांगलेल्या, धुरानं सुकलेल्या. ती रोज आणायची त्या पिशवीला येणारा धुराचा वास मी इतके दिवस तिच्या लुगड्याचा समजत होतो. ससा तिचं गवत खात होता, कोंबड्या माझं खाद्य खात होत्या, आणि मी तेच खाद्य अंड्यांच्या रूपात भाव पाडून परत विकत घेत होतो. मावशी तापानं फणफणली होती. तरी मी बोलायचं ते बोललो, आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मग सशाला मी सांभाळलं. वाटी शिगोशीग भरली, वर केळं, चिक्कीचा तुकडा. ऋतुजा नको नको म्हणत होती, तिला दटावलं. चौथ्या दिवशी लेंड्या मऊ आणि चिकट झाल्या. ससा स्वतःच्या काही मऊ लेंड्या रोज खातो, त्याला त्या लागतात; त्याही त्यानं सोडल्या. मागच्या केसांत लगदा चिकटला, वास मारू लागला, माश्या घोंगावू लागल्या. सहाव्या दिवशी त्यानं खाणंच टाकलं आणि कोपऱ्यात अंग चोरून दात करकरत बसला.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, मागचे केस कापले, औषध दिलं आणि मला झाडलं. आणखी एखाद्या दिवसात केसांत अळ्या पडल्या असत्या, म्हणाले. सशाचं आतडं गवताच्या काड्यांवर चालतं, ते थांबलं की ससा हातचा गेला. दिवसभर सुकं गवत, मूठभर पाला, खाद्य चमचाभर, गोड बंद. ऐन पावसात लोणावळ्यात सुकं गवत कुठून आणू, असं मी विचारलं. उत्तर ऋतुजानं दिलं, माझ्याकडे न बघता.

"मावशींच्या आढ्याला आहे."

गेलो. मावशी उठून बसली होती. तिनं काही न विचारता पेंढ्या उतरवल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि माझ्याबरोबर निघाली. मी पन्नासाची नोट काढली, तिनं हात लावला नाही. वाटेत विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं.

"सांगितलं व्हतं की. डोंगरात सशाला गोळ्या कोन घालतं, भाऊ, त्यो गवातच खातो, म्हनलं. तुमी पेंढीचा भाव पाडीत व्हता."

"मग पोरीला बरं सांगितलं?"

"तिनं इचारलं."

तिसऱ्या सकाळी पिंजऱ्यात चार सुक्या लेंड्या पडल्या होत्या. मावशीनं एक चुरडली, उजेडाकडे धरली, दुसरी ऋतुजाच्या तळहातावर ठेवली. दोघी हसल्या. मी तिथंच उभा होतो. माझ्या हातात कुणी दिली नाही.

त्यानंतर मावशी बरीच वर्षं आमच्याकडे होती. गोटू म्हातारा होऊन गेला. गेल्या हिवाळ्यात मावशीही गेली. ऋतुजा पुण्याला नोकरी करते. मावशी गेल्याचा फोन ठेवून तडक आली, वाडीवर गेली आणि आढ्यावरची एक पेंढी घेऊन परतली. ती पेंढी तिच्या पुण्याच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे. माझा फोटो त्या खोलीत कुठंच नाही. मी नीट पाहिलं.

कोंबड्यांना घातलेल्या खाद्याचा हिशेब मी सोडून दिला. आता सशाचं खाद्य मागायला कुणी आलं की मी आधी विचारतो, गवत काय घालता, लेंडी कशी आहे, हेही तिचंच. पण अकरा महिने त्या दोघी माझ्या पाठीमागं हसत होत्या, त्या हसण्यात मला का घेतलं नाही? मी विचारलं नाही म्हणून? मग आता विचारतो. मावशी उत्तर द्यायला राहिली नाही. ऋतुजा, तू आहेस. येऊन समोर बस आणि सांग.