धरणाचं पाणी, बंगल्याच्या पायऱ्या

माझी आत्या होडी वल्हवायची. शिरूरकडं घोड धरणाच्या फुगवट्याला लागून आमची बौद्धवस्ती. वस्तीतल्या बायका पलीकडच्या मळ्यांत फुलं तोडायला जायच्या, त्यांना नेणारी-आणणारी तीच. कॉलेजला सुट्टी असली की मीही जायची.

नव्वदीच्या शेवटाकडं पुण्याच्या एका साहेबांनी काठावर बंगला बांधला. थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या केल्या. एका सकाळी बघतो तर पायऱ्यांपुढं पाण्यात लांबच लांब दोर, त्याला निळी पिंपं बांधलेली. आमची वाटच अडलेली. धरणाच्या मधून वळसा घ्यावा तर तिथं वारा. होडी अशी हेलकावायची की बायका जीव मुठीत धरायच्या.

आत्यानं होडी दोराला टेकवून हाक मारली. साहेब पायऱ्यांवर आले.

"इकडून जायचं नाही. ही प्रायव्हेट जागा आहे."

"जागा तुमची, साहेब. पाणी धरणाचं हाय."

साहेब चिडले. तुमच्या बायका आरडाओरडा करतात, घरात डोकावतात, पायऱ्यांवर धुणी धुतात, म्हणाले. धुणी धुतली होती, ते खोटं नव्हतं.

आत्या म्हणाली, "ते चुकलंच. हितनं पुढं पायऱ्यांना होडी लागणार न्हाई, कुणी डोकावणार न्हाई. पर दोर सोडा."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. आमी हितंच हाय."

तिनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "पाण्यावरनं हाकलून घ्यायचे दिवस आपल्या बापजाद्यांनी संपवलेत, पोरी."

त्या दिवसाची मजुरी बुडणार हे सगळ्यांना कळत होतं. तरी एकही बाई 'चला' म्हणाली नाही.

पोलीस आले नाहीत. साहेबांच्या फोनवरून दुपारी पाटबंधारे खात्याचा माणूस आला. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि साहेबांना सांगितलं, "पाण्यातली वाट अडवता येणार नाही. दोर काढा." बंगल्याच्या माळ्यानं दोर सोडला. होडीतली एकजणी आनंदानं ओरडणार, तोच आत्यानं दटावलं, "गप. लोकांचं घर हाय."

त्यानंतर बंगला आला की होडीतलं बोलणं आपोआप थांबायचं. पुढं साहेबांकडं पाहुणे यायचे, रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या घेऊन. एकदा ते मासेमारीच्या जाळ्यांकडं निघाले, तर पायऱ्यांवरून साहेबच ओरडले, "जाळ्यांपासून लांब राहा! लोकांचं पोट आहे त्यावर."

आत्यानं होडीतूनच साहेबांना लांबून हात केला. साहेबांनीही केला. मी तिच्यासमोरच बसले होते. ही माझी आत्या, असं त्या पाहुण्यांना मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं.