टाकी खाली

राजाभाऊ टिपणीस म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची मराठी, नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, आधी गुडगावला आणि मग मानेसरला. काम तपासनिसाचं. भाग हातात घ्यायचा, मापायचा, बसला तर पास, नाही तर परत. पंचवीस वर्षांत आपण एकही खोटा रिपोर्ट लिहिला नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. अशा माणसाला सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकलचं वेड लागावं, आणि तीही सीट नसलेली, हे त्यांच्या बायकोला, वृंदाला, कधीच पटलं नाही.

गाडी मिळाली मोरितासानकडून. कारखान्यात तीन वर्षांसाठी आलेल्या या जपानी इंजिनियरने घरच्या सामानाबरोबर आपली ट्रायल्स मोटरसायकलही आणली होती. ही जातच वेगळी. रस्त्यावर पळवायची नाहीच. दगडधोंड्यांवरून, ओंडक्यांवरून मुंगीच्या चालीने चढवायची, आणि तीसुद्धा उभ्याने. बसायला जागा नाही, वजन ऐंशी किलो, टाकीत पेट्रोल मावणार जेमतेम अडीच लिटर. स्पर्धेतला मुख्य नियम म्हणजे पाय जमिनीला टेकला की एक गुण गेला. मोरितासान जपानला परतताना गाडी राजाभाऊंना देऊन गेला, कारण अख्ख्या कारखान्यात तिच्याकडे बघून न हसलेले ते एकटेच होते.

राजाभाऊंना स्पर्धाबिर्धा काही करायची नव्हती. त्यांना नुसतं डोंगरात भटकायचं होतं. गाडीला नंबरच नव्हता, म्हणून ती ठेवली मानेसरच्या मागच्या गावात, रामफलच्या ढाब्यामागच्या छपरात. रविवारी सकाळी घरून, दिल्लीच्या द्वारका वस्तीतून, स्कूटरने तिथवर जायचं, चहा प्यायचा आणि गाडी काढून अरवलीच्या पायवाटांना लागायचं. "साहब, इसकी सीट कौन ले गया?" असं रामफलने पहिल्या रविवारी विचारलं आणि पुढे दर रविवारी विचारत राहिला. राजाभाऊही दर वेळी हसत.

खुळंच म्हणा ना. पण आठवड्याचे सहा दिवस भिंगावर वाकून काढलेल्या माणसाला सातव्या दिवशी ताठ उभं राहायला मिळत होतं. कीकरच्या, म्हणजे तिकडच्या बाभळीच्या, झुडपांमधून, शेळ्यांच्या वाटेने, चालत्या माणसाच्याही मागे पडेल अशा बेताने ते जात. पाय टेकू द्यायचा नाही, एवढं एकच ध्यान. घरी आले की पोटऱ्या भरून आलेल्या असत आणि चेहरा लहान मुलासारखा झालेला असे. वृंदा तेल गरम करून द्यायची आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवायची.

अडचण एकच, ती टाकीची. स्पर्धेत दहा दगड चढायला अडीच लिटर पुष्कळ. भटक्याला ते काय पुरणार? दोन-तीन रविवारांआड गाडी डोंगरात कुठेतरी धाप टाकून उभी राही. मग राजाभाऊ कंपनीने दिलेल्या मोबाइलवरून घरी फोन करत. रामफलच्या ढाब्याशेजारच्या टेलिफोन बूथचा नंबर सारखा बदलायचा, आणि नवा नंबर घरच्या फोनजवळच्या वहीत लिहिलेला असायचा. फोन उचलायची त्यांची सोळा वर्षांची मुलगी, सलोनी. ती बूथवर कळवायची आणि रामफल सवडीने डबा घेऊन डोंगर चढायचा.

आता मराठीत टाकी रिकामी होते. पण रामफल म्हणायचा "टंकी खाली", आणि राजाभाऊंना त्याची अशी काही गंमत वाटली की तेही फोनवर गर्जायला लागले, "सलोनी, टाकी खाली!" पोरगी खुदुखुदू हसायची. वृंदा माहेरची पुण्याची. तिच्या कानाला ते खडा लागल्यासारखं लागे. "आपल्यात खाली म्हणजे तळाशी," ती म्हणायची. "मुलीची मराठी आधीच पातळ, त्यात तुम्ही आणखी पाणी ओता." बरोबरच होतं तिचं. घराबाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. सलोनीच्या मराठीतून एकेक शब्द कधी गळत होता ते कुणालाच कळत नव्हतं.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीतला रविवार. गुडगावात इमारती भराभर उभ्या राहत होत्या, त्यांना दगड आणि खडी लागे, आणि ती याच डोंगरांतून निघे. गेल्या रविवारी होती ती वाट या रविवारी नव्हती. झुडपांच्या आडून राजाभाऊ वळले आणि पुढे सरळ कडा, नवाच कापलेला. पुढचं चाक गेलं, मागून ते गेले. दोन पुरुष खोल. गाडी हलकीच होती, पण कड्याचे सुटलेले दगड तिच्यावर येऊन बसले आणि गाडीखाली राजाभाऊंचा डावा पाय.

सकाळचे दहा वाजले होते, आणि रविवार म्हणून खाणीत चिटपाखरू नव्हतं. हात उंच करून मोबाइल धरला तर एखादी काडी नेटवर्क येई आणि जाई. चौथ्या खेपेला घरी फोन लागला.

"सलोनी, मी खाली आहे! खाणीत, खाली! रामफलला सांग, लवकर!"

मधले शब्द खरखरीत गेले असणार. पलीकडून आवाज आला, "अच्छा बाबा, सांगते." आणि फोन तुटला. पुन्हा काही लागला नाही. राजाभाऊंनी डोळे मिटले. निरोप पोचला, आता अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अर्धा तास गेला. एक गेला, दोन गेले. पाय आधी ठणकत होता, मग बधिर झाला, आणि बधिर झाला तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. अडीच वाजता कड्यावर रामफल दिसला. जेवणाची गिऱ्हाइकं आटोपून, नेहमीच्या सगळ्या जागा हुडकून, हातात पेट्रोलचा डबा झुलवत आलेला. डोकावला आणि डबा टाकूनच धावत उतरला.

"हाय राम! साहब, बिटिया ने तो बोला टंकी खाली है!"

तेव्हा राजाभाऊंना उमगलं. पायाचं दुःख बाजूला राहिलं. पोरीचं काय चुकलं? तो शब्द घरात आणला कुणी? दगड हटवणाऱ्या रामफलचा हात त्यांनी घट्ट धरला. "रामफल, बिटिया ने क्या बोला था, ये किसी को मत बताना. कसम है तुझे."

पाय गेला. डॉक्टर वृंदाला म्हणाले, जरा आधी आणला असता तर वाचला असता. सलोनी दाराशी उभी होती. आणि पंचवीस वर्षांत खोटा रिपोर्ट न लिहिलेल्या माणसाने त्या खाटेवर पडल्या पडल्या आपला पहिला खोटा रिपोर्ट दिला: फोन केला तेव्हा टाकीतलं पेट्रोलच संपलं होतं, कंटाळून गाडी ढकलत निघालो आणि पडलो ते त्यानंतर, दीडच्या सुमाराला. वेळा जुळवून, तपासनिसाच्या शिस्तीने सांगितलं. वृंदाने विश्वास ठेवला. सलोनी दारातूनच मागे फिरली.

कारखान्याने त्यांना भांडारात बसून करायचं काम दिलं. पाय बनवून मिळाला, काठी आली. घरात एक बदल असा झाला की राजाभाऊंनी तो एक शब्द टाकला. लिफ्टमध्ये ते "तळाला जाऊ" म्हणत. पाय कुठून कापला असं कुणी विचारलं तर "गुडघ्यापासून" म्हणत, गुडघ्याखाली म्हणत नसत. पोरीच्या कानावर तो शब्द पडू नये, एवढीच त्यांची धडपड.

दुसरा बदल सलोनीत झाला. ती मराठी बोलेनाशी झाली. विचाराल ते मराठीत, उत्तर हिंदीत. 'बाबा'चे 'पापा' झाले, 'तुम्ही'चं 'आप' झालं. राजाभाऊंना ते फार लागलं. पहाडगंजच्या शाळेत पाढेसुद्धा मराठीत म्हटलेला माणूस तो. "दिल्लीचं वारं लागलं," वृंदा म्हणायची. कॉलेज झालं, गुडगावच्या एका कंपनीत सलोनीला नोकरी लागली, आणि राजाभाऊ पाहुण्यांपुढे उगाच टोमणा मारायचे, "आमच्या कन्येला मायबोलीची लाज वाटते." ती खाली मान घालून चहा द्यायची.

असं सात वर्षं चाललं. दोन हजार नऊमध्ये रामफलचा निरोप आला: जमीन बिल्डरला दिली, छप्पर पाडणार, साहेबांनी गाडीचं काय ते बघावं. सलोनीने आपली मोटार काढली आणि बापलेक मानेसरला गेले. ज्या डोंगरावर राजाभाऊ उभ्याने फिरले होते, तो निम्माच उरला होता. रामफलने तेव्हा खाणीतून काढून आणलेली मोटरसायकल छपरात गंजली होती, वाकलेलं चाक तसंच होतं. भंगारवाल्याला द्यायची असं ठरलं. सलोनी आत काही बघायला आली नाही, रस्त्यावर मोटारीतच बसून राहिली.

रामफल म्हातारा झाला होता. चहाचा पेला पुढे करत तो हळूच म्हणाला, "साहब, मैंने कसम निभाई. किसी को कुछ नहीं बताया. बिटिया आई थी, तब भी नहीं."

"कब आई थी?"

"आप अस्पताल में थे तब. अकेली, बस से. बोली, गाड़ी देखनी है. खुद ही टंकी का ढक्कन खोला. पेट्रोल भरा था साहब, मेरे को क्या याद रहता निकालने का. बहुत देर देखती रही. पूछा कुछ नहीं. चली गई."

राजाभाऊंच्या हातातला चहा तसाच निवला. एवढ्या वेळा जुळवल्या, सगळी मापं बसवली, आणि टाकी तपासायची राहिली. पोरीने ती तपासली होती. बापाचीच पोर ती.

परतीच्या वाटेवर द्वारकेचे फलक दिसायला लागले तेव्हा राजाभाऊंनी तोंड उघडलं. "तुला ठाऊक होतं."

सलोनीने समोर बघतच होकाराची मान हलवली.

"मग बोलली का नाहीस, सलोनी?"

"आप भी तो नहीं बोले, पापा." तिचा आवाज सपाट होता. "मुझे लगा आप इतने गुस्सा हैं कि वो बात करना ही नहीं चाहते."

"राग? अगं, तुला लागू नये म्हणून गं! तुझ्यासाठीच खोटं बोललो मी."

राजाभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं आपण हिला जपतो आहोत असं समजत होतो, आणि सात वर्षं ही आपल्याच घरात, आपल्याच समोर, एकटी जळत होती. त्यांना ते पाहुण्यांसमोरचे टोमणे आठवले, आणि जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं.

"आणि मराठी?" त्यांनी विचारलं. "ती का सोडलीस?"

सलोनीने सोसायटीच्या आवारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी हात स्टीअरिंगवरच होते. "मराठी में मुझे डर लगता है. हिंदी में मुझे पता होता है कि मैंने क्या सुना."

"चूक तुझी नव्हती. तो शब्द मी आणला घरात. आई सांगत होती, मीच ऐकलं नाही. आता मराठीत बोल माझ्याशी. चुकली तर चुकू दे. बोलशील ना?"

ती उतरली, वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडलं. मागच्या सीटवरची काठी काढून तिने त्यांच्या हातात दिली. ओठ हलले, काहीतरी जुळवू बघत होती. मग तिने मान फिरवली.

"जी, पापा," ती म्हणाली.