पुढे ढकललेली लढत

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा माझं मत विचारलं, तेव्हा माझ्या लग्नाला सतराएक वर्षं झाली होती. आणि विचारलं तेही हेवीवेट बॉक्सिंगच्या जगज्जेतेपदाबद्दल.

तोवर आमच्यात बोलणं असं नव्हतंच. भांडण नव्हतं, रीत तशी होती. बेडश्याच्या शिवारात आमचं घर. सासूबाई होत्या तोवर आबा त्यांच्यामार्फत बोलायचे. त्या गेल्यावर माझ्या मुलीला मध्ये घालून. "आईला म्हनावं, च्या ठेव." मी तिथंच चार पावलांवर असायचे, मला ऐकू यायचं, तरी मुलगी येऊन सांगायची आणि मग मी आधण ठेवायचे. मी तळेगावात वाढलेली. लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरीला होते. दिवसभर परक्या माणसांशी हसून बोलायचे आणि घरी आले की डोक्यावर पदर. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

मग आबांचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, दुधात कालवून गिळत राहिले. पाणीसुद्धा नाकातून परत यायला लागलं तेव्हा नवऱ्याने त्यांना पिंपरीच्या एका दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, आणि तोही फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या. सेवा करा." नाकातून पोटापर्यंत एक नळी घातली आणि त्या नळीतून दूध, वरणाचं पाणी, नाचणीची पेज कशी सोडायची ते नर्सने मला शिकवलं. मलाच का, ते कुणी बोललं नाही. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, मुलगी दहावीला. माझी नोकरी सुटली.

पहिला महिना वाईट गेला. मी सिरिंज उंच धरून पेज सोडायचे आणि आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. सुनेच्या हातून असं भरवून घ्यायची त्यांना लाज वाटत होती. मलाही वाटत होती, पण माझ्या हातात काम होतं, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. खोलीत शांतता नको म्हणून मी मोबाईलवर भजन लावलं. आबांनी हात हलवला.

"त्ये नगं."

मी चपापले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे ते मलाच म्हणाले होते.

"मग काय लावू, आबा?"

 ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाक्सिंग."

आबांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर म्हणून उभी हयात काढली, एवढंच मला माहीत होतं. तिथे जवानांच्या बॉक्सिंगच्या स्पर्धा व्हायच्या, हे त्यांनी आता हळूहळू सांगितलं. रिंग बांधायची, दोऱ्या ताणायच्या, फळ्यांवर ताडपत्री ओढायची, ही कामं मजुरांची. काम झालं की बाकीचे घरी जायचे, आबा थांबायचे. वर्षानुवर्षं थांबले. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. इकडे सगळा मावळ कुस्तीचा, उरुसाला आखाडे भरतात, त्यात बॉक्सिंगचं कौतुक कोण ऐकणार?

"कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास," ते एकदा म्हणाले. "हितं पडल्याला धा आकडं मिळत्यात उटायला. मला त्ये लय आवडायचं."

मी जुन्या लढती शोधून लावायला लागले. नळी भरायची, सिरिंज वर धरायची, मोबाईल उशीला टेकवायचा. पेज संपेपर्यंत दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. ते मला सांगायचे, हातांकडं नगं बगू, पायांकडं बग. ठोसा पायातून येतो. मला सुरुवातीला ती मारामारी बघवत नसे. मग बघवायला लागली. पुढे तर आवडायला लागली, आणि हे मी माहेरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास त्या मोठ्या लढतीची घोषणा झाली. एक जुना विजेता, वय झालेला, डोक्याला तुळतुळीत टक्कल. त्याला आव्हान देणारा दुसरा, तरुण, ताडमाड उंच, एकदाही न हरलेला. नावं आबांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी एकाला टकल्या केलं आणि दुसऱ्याला लंबू.

"तुला काय वाटतं," त्यांनी विचारलं, "कोन जिंकंल?"

माझा हात थांबला. या घरात कुठली गाय विकायची, कुणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, यातलं काहीही मला कुणी विचारलं नव्हतं.

"लंबू," मी म्हणाले.

"का?"

"टकल्याचे पाय जड झालेत. पूर्वी तो ठोसा मारून बाजूला व्हायचा. आता मारतो आणि तिथंच उभा राहतो."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कुटं बगितलंस?"

मी त्याची मागच्या वर्षीची लढत लावून दाखवली. त्यांनी ती पूर्ण पाहिली. "व्हय," म्हणाले. "बरूबर बगितलंस. पन टकल्याच जिंकनार."

"कसा काय?"

"लंबूनी कदी मार खाल्लाय का? समदे चौथ्या-पाचव्या राऊंडला आडवे केल्यात त्यानं. सातव्याच्या फुडं त्यो कदी गेलाच न्हाई. टकल्या त्येला तितं घिऊन जाईल. मंग लंबूला कळंल, दम म्हंजे काय आसतो."

तेव्हापासून आमचा रोज वाद. मी कापडाने त्यांची पाठ पुसताना, चादर बदलताना, उलटीचं भांडं धुऊन आणल्यावर. मी म्हणायचे तिसऱ्या फेरीत संपेल. ते म्हणायचे, बारा राऊंड चालंल, लिहून घे. त्यांची छाती आत गेली होती, दंडावर नुसती कातडी लोंबत होती, पण वाद घालताना ते पडल्या पडल्या मुठी वळायचे. मला ते दिवस सुखाचे म्हणवत नाहीत. खोलीला वास यायचा, रात्रीची झोप नसायची. पण कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

भेटायला पाहुणे यायचे. मावळात आजाऱ्याला भेटायला येतात तेव्हा उशाशी बसूनच हिशेब करतात. एकदा आबांची धाकटी बहीण आली. तिने त्यांचे पाय दाबून पाहिले, नखं पाहिली आणि दारात उभ्या बायकांना म्हणाली, "पायाला सूज आली. अवस काढत न्हाई ह्यो."

आबा जागे होते. आत्याबाई गेल्यावर मला म्हणाले, "आयकलंस? बहिनीनं माज्यावर निकाल दिला."

"त्यांना काय कळतंय, आबा."

"पाय बगून बोलली की ती." त्यांना हसू आलं, मग ठसका लागला, आणि ठसक्यातून रक्त आलं. मी तोंड पुसलं. दम परत आल्यावर म्हणाले, "तिला म्हनावं, मॅच बगून जानार."

अमावास्या गेली. लढतीला थोडे दिवस राहिले होते. रविवारी सकाळी आपल्याकडे दिसणार होती. मोबाईल लहान पडेल म्हणून मी नवऱ्याला टीव्ही आबांच्या खोलीत हलवायला सांगितलं. "आता टीव्ही काय करायचाय त्यांना?" असं तो म्हणाला, पण त्याने हलवला.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली. सरावात टकल्याची भुवई फुटली होती, टाके पडले होते. लढत दोन महिने पुढे ढकलली.

मी दुपारची पेज घेऊन गेले तेव्हा ते विचारणार हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं, "काय खबर?" मी सांगितलं. ते वर कौलांकडे बघत राहिले.

"किती फुडं?"

"दोन महिने."

"लय लांब गेली," ते म्हणाले. पेज अर्धी गेल्यावर त्यांनी हाताने पुरे म्हणून खुणावलं.

त्यानंतर ते भराभर उतरले. दुखणं हाडात गेलं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, त्या मी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायचे. गोळीचा अंमल असला की ते डेपोतल्या कुणाशी तरी बोलायचे, दोरी ताण म्हणायचे. अंमल उतरला की कण्हायचे. मी लढती लावणं थांबवलं नाही, पण ते बघत नव्हते. मी मुद्दाम खोड काढायचे. "टकल्या म्हातारा झाला, आबा. त्याची भुवई सरावातच फुटते, लंबूसमोर काय टिकणार?"

एका सकाळी त्यांनी डोळे उघडले. शुद्धीवर होते. म्हणाले, "तुजाच जिंकंल."

"काय?"

"लंबू. तुजाच."

"असं कसं? तुम्हीच म्हणाला होता, सातव्याच्या पुढे त्याचा दम टिकणार नाही."

"आसू दे, पोरी. तुजाच."

त्यांनी मला पोरी म्हटलेलं तेवढं एकदाच. पण मला राग आला. मी भांडं आपटून उठले, परसात गेले आणि धुतलेलेच कपडे पुन्हा पिळत बसले. माणूस दुसऱ्याचं म्हणणं इतक्या सहज मान्य करतो, तेव्हा त्याला पुढचं काही बघायचं उरलेलं नसतं. आत्याबाईंनी पाय पाहून सांगितलेलं खोटं ठरलं होतं. आबांचं हे हार मानणं खोटं ठरणार नव्हतं.

चार-पाच दिवसांनी ते गेले. मी गरम पाणी आणायला चुलीपाशी गेले होते, परत आले तर छाती हलत नव्हती. मी आधी त्यांच्या नाकातली नळी काढली. काढताना ती नाकाला चिकटली होती, म्हणून ओल्या बोटाने हळूहळू सोडवली. मग नवऱ्याला फोन केला.

दहावं झालं, तेरावं झालं. कॉट शेजारच्या गावात कुणाला तरी दिली. मी रिसॉर्टवर जाऊन आले, माझ्या जागी दुसरी मुलगी बसली होती. चांगली होती, तिने मला पाणी दिलं.

लढत ठरल्याप्रमाणे झाली. टीव्ही अजून त्याच खोलीत होता. मुलगी क्लासला, नवरा शेतावर गेलेला. मी जमिनीवर बसून पाहिली. पहिल्या तीन फेऱ्या लंबूच्या. चौथीत त्याने टकल्याला गुडघ्यावर आणलं आणि मी ओरडले. टकल्या उठला. सातवीत लंबूचं तोंड उघडं पडलं, हात खाली यायला लागले. मग टकल्या त्याच्या पोटात मारत राहिला, एकाच जागी, जसं बाई खलबत्त्यात कुटते. शेवटी लंबूचा एक डोळा पूर्ण मिटला होता. बारा फेऱ्या झाल्या. पंचांनी टकल्याचा हात वर केला.

मी तशीच बसून राहिले. नवरा दारात कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

"हे काय बघतेस?"

मी त्याला सांगितलं. टकल्या कोण, लंबू कोण, आबा आधी काय म्हणाले, मग काय म्हणाले. डेपोत ते रिंग बांधायचे तेही सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. पायाला चिखल होता.

"आबा एवढं बोलायचे?"

"माझ्याशी बोलायचे."

त्याने पायाचा चिखल बोटाने खरवडला. मग म्हणाला, "मी रोज संध्याकाळी यायचो, विचारायचो, बरं वाटतंय का. ते हं म्हणायचे. एवढंच." टीव्हीवर लंबूला स्टुलावर बसवून त्याच्या डोळ्याला बर्फ लावत होते. नवरा ते बघत राहिला. "हा कोण?"

"हरलेला," मी म्हणाले.

त्याने पाणी मागितलं. मी उठून आणून दिलं.