दोन्हीकडे पट्टी

डॉ. अत्तार सरांशी माझी ओळख वादातून झाली. मी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. रक्तदाब कमी असलेल्या त्यांच्या पेशंटला उभे करायला मी नकार दिला. "अहो, सांधा मी बसवलाय," सर म्हणाले. "पण चालवायचं मला आहे," मी म्हणाले. सरांनी पेशंटला त्या दिवशी झोपूनच राहू दिले.

खुब्याचा सांधा पुढून बदलता येतो, तसा मागूनही. सर पुढून करत. त्यात स्नायूंना इजा कमी होते, असेच ते वर्षानुवर्षे शिकवत आले. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी तेच तपासायला घेतले. पेशंटच्या संमतीने काही ऑपरेशने सर पुढून करणार, काही सहकारी मागून. स्नायूंची इजा रक्तातून कळणार, चाल मी मोजणार. कोणाचे कुठून झाले ते मला समजू नये, म्हणून सर प्रत्येकाला दोन्हीकडे पट्टी लावायला लावत. स्टोअरच्या बाई पट्ट्या देताना विचारत, "तुमचे सर पेशंट गुंडाळून घरी पाठवतात का?"

लोणी काळभोरच्या एक आजी चालण्याआधीच म्हणाल्या, "मोठ्या डाक्टरांनी म्होरनं केलंय माझं!" मी तरीही मोजले. आजी सर्वांत चांगल्या चालल्या. दुसऱ्या दिवशी मी सरांना माझी चूक सांगितली: कुठून झाले ते कळल्यावरही मी मोजले होते. त्यांनी ते मोजमाप तिथेच रद्द केले.

"सर, तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला आकडा आहे."

"म्हणून तर ठेवायचा नाही."

मोजमाप रद्द झाल्याचे कळून आजी घाबरल्या. सर त्यांच्या कॉटपाशी जाऊन म्हणाले, "आजी, तुम्ही छान चाललात. बोलायचं नाही, हे आम्हीच सांगायला हवं होतं."

पुढून केलेल्यांची रक्ततपासणी पहिले काही दिवस थोडी बरी आली. तीन महिन्यांनी चालीत फरक उरला नाही. सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावले आणि दोन्ही निकाल फळ्यावर लिहिले. "मी शिकवलं त्यातलं निम्मंच खरं निघालं. दुरुस्त करून घ्या, आणि पेशंटलाही तसंच सांगा." इतकी वर्षे ठामपणे सांगितलेली गोष्ट स्वतः मोडून दाखवणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी सरांचाच खुबा बदलायची वेळ आली. ऑपरेशन करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, पुढून की मागून?"

"तुझा हात कुठून बसलाय?"

"मागून."

"मग विचारतोस काय?"

पंच्याहत्तरीचे सर आता रोज सकाळी बिबवेवाडीचा चढ चढतात. त्यांनी शंभरीपर्यंत असेच खणखणीत चालावे, आणि आम्ही चुकू तेव्हा आम्हालाही तितक्याच स्वच्छ शब्दांत सांगावे.