गाफाच्या सावलीची भिंत

दुसऱ्याचं चांगलं न बघवणारी माणसं पुष्कळ असतात, पण भिकाजी ते कबूल तरी करी. दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात जेवता जेवता तो उघड सांगे, नागेशचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं.

भिकाजी गुहागरकडचा गवंडी. त्याने घोटलेल्या गिलाव्यात बघून दाढी करावी, असं साइटवर म्हणत. नागेश त्याच्याच वाडीतला. त्याला दुबईला आणलं भिकाजीने, हातात थापी दिली तीही भिकाजीने. आणि ज्या घराची साऱ्या कंपनीत चर्चा होती, त्या घराची अंगणातली भिंत मिळाली नागेशला.

घर एका अरबाचं, नकाशा मोरीतासान नावाच्या जपानी म्हाताऱ्याचा. जागेवर आधीपासून गाफाचं, म्हणजे तिकडच्या वाळवंटात वाढणारं, एक झाड होतं. दुसऱ्या कोणी ते उपटून कारंजं बसवलं असतं. याने झाडाला धक्का न लावता भोवती खोल्या मांडल्या. संगमरवर नाही, झुंबर नाही, भिंतीला खिळासुद्धा नाही. झाडासमोर फक्त मातीने लिंपलेली एक भिंत, तिच्यावर दिवसभर सावली फिरणार. तीच या घराची शोभा, असं त्याने फोरमन रफिककडून सगळ्यांना समजावलं होतं. नमुन्यासाठी दोघा गवंड्यांनी एकेक फळी लिंपली. म्हाताऱ्याने भिकाजीच्या गुळगुळीत फळीवरून बोट फिरवलं, अदबीने मान लववली आणि नागेशची खरबरीत फळी उचलली.

भिकाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला बाहेरच्या कंपाउंडवर लावलं. येताजाता तो नागेशचं काम बघे आणि गोठा लिंपलाय म्हणून नाक मुरडी. खरं दुखणं वेगळं होतं. यंदा व्हिसा संपला की तो कायमचा गावी जाणार होता. इतक्या वर्षांत घोटलेल्या साऱ्या भिंती रंगाखाली आणि कपाटांमागे गेल्या. लोक थांबून बघतील अशी एक तरी भिंत त्याला हवी होती.

एके दुपारी सगळे जेवायला गेले. नागेशच्या भिंतीवरची माती अजून ओलसर होती. लोकांना फरक तरी कळू दे, असं म्हणत भिकाजीने थापी घेतली आणि सुपाएवढा तुकडा चकचकीत घोटून टाकला. कित्येक दिवसांनी त्याचा हात सुखावला.

भिंत सुकल्यावर एका सकाळी सगळे अंगणात जमले. ऊन वर आलं आणि गाफाची सावली भिंतीवर उतरली. खरबरीत मातीवर पान न् पान उमटलं. वाऱ्याने फांदी हलली की भिंतच हलल्यासारखी वाटे. त्या सुपाएवढ्या जागी मात्र नुसती चकाकी होती, सावलीचा पत्ता नव्हता. भिकाजीलाही ते दिसलं.

ये किसने किया, असं रफिकने विचारलं. भिकाजीच्या थापीची ती अर्धगोल खूण नागेश ओळखणार नाही तर कोण?

"मेरा हाथ है, रफिकभाई," नागेश म्हणाला. "गलती हो गई."

मोरीतासानने हसून त्याच्या पाठीवर थोपटलं. भिकाजीने सुटलो म्हणायचं, तर तो आणखीच पेटला. भिंत याची, कौतुक याचं, आणि आता माझी चूकही याचीच? त्या अख्ख्या भिंतीवर आपला म्हणावा असा तेवढाच तुकडा होता.

"झूठ बोलता है," तो म्हणाला. "वो मेरा हाथ है. इसको ऐसा घोटना आता भी नहीं."

लोकांना तो खरेपणा वाटला. रफिक चार शब्द बोलला, आणि तुकडा खरवडायला त्यालाच बसवलं.

भिकाजी खरवडत राहिला. चकाकी गेली, खालची भरड माती उघडी पडली, तशी सावली हळूच तिच्यावर सरकली. तो मागे सरून बघू लागला. नागेशच्या मातीवरच्यापेक्षा इथे ती जरा जास्तच चांगली पडलीय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात नागेश कालवलेली माती घेऊन आला.

"इथं लावू नको," भिकाजी म्हणाला. "एवढं असंच राहू दे."

नागेशने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि घमेलं खाली ठेवलं.