जोडीला सोबत

ते आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचे. सव्वीस वर्षं. मी पुढे काउंटरवर असते. साहित्याची पदवी घेतलेली मुलगी चष्म्याच्या फ्रेम पुसते, याची त्यांना फार गंमत वाटायची. "ए बी.ए.," ते आतून हाक मारत, "हे भिंग बघ. यातून मुंगी बैलाएवढी दिसेल." दुकानात सगळे त्यांना भिंगकाका म्हणत.

मंगळवारी मी त्यांना जेवायला बोलवायला आत गेले. ते स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. डावं भिंग झालं होतं. उजवं यंत्रावरच राहिलं होतं.

ते भिंग नंतर दुसऱ्या कारागिराने पुरं केलं. गिऱ्हाइकाला चष्मा ठरल्या दिवशी मिळाला. त्याने तो घालून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आता स्वच्छ दिसतंय. मी मान हलवली. मला रडू आलेलं नाही. अजूनही नाही.

काकांनी लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याकडे ते राहत. त्या दोघांना मूल नाही. बाहेरच्या खोलीत काकांची सहा फुटी काचेची टाकी. तिच्यात सिक्लिड माशांची एक जोडी, हाताच्या पंज्याएवढी, अंगावर काळे पट्टे, नराच्या कपाळावर टेंगूळ. सहा पिल्लं आणून त्यांनी वाढवली. त्यांतल्या दोघांचं जमलं, तेव्हा बाकीची चार देऊन टाकली. याला तीन वर्षं गेली. "आपण स्थळं दाखवून उपयोग नसतो," ते म्हणायचे. "त्यांचं ते ठरवतात."

त्या दोघांखेरीज टाकीत सहा चंदेरी मासे होते. चपटे, गोल, सतत पळत असलेले. त्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या असायच्या.

"या बिचाऱ्यांना कशाला ठेवलंय?" मी एकदा डबा खाताना विचारलं. "जोडी आहे ना? राहू द्या की दोघांनाच सुखाने."

"पहिल्या जोडीला तसंच ठेवलं होतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अंडी घालायची वेळ आली. म्हटलं, एकांत द्यावा. बाकीचे सगळे काढले. दोन दिवसांनी मादी तरंगत होती. नराने मारलं तिला. त्याला राखण करायची असते, बी.ए. कोणापासून करणार? कोणीच नाही. मग राग समोर दिसेल तिच्यावर."

"मग सोबतीला कोण चालतं?"

"त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा. पळण्यात पटाईत. वरच्या पाण्यात राहणारा, खाली अंड्यांपाशी नाक न खुपसणारा. दिसायला यांच्यासारखा नको, नाहीतर नर जातभाई समजून जीवच घेईल. आणि एकटा नको. सहा हवेत. राग सहा जणांत वाटला गेला की कोणाला फार लागत नाही." मग ते हसले. "आमच्या घरी मी एकटाच आहे, म्हणून सगळा माझ्या वाट्याला येतो."

ते खोटं नव्हतं. मी त्यांच्या घरी जायचे तेव्हा ऐकायचे. दादा म्हणत, याच्या टाकीच्या मोटरीने डोकं उठतं. वहिनी म्हणत, तरी मी सांगत होते, आणि वर भावोजींचे ओले टॉवेल. काका मान खाली घालून माशांना दाणे टाकत. दादा आणि वहिनी यांचं आपसांत कधी वाजलेलं मी ऐकलं नाही.

ते गेल्यावर नवव्या दिवशी मी त्यांचा डबा आणि मोजपट्टी परत द्यायला गेले. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची ती छोटी पट्टी, कायम त्यांच्या खिशात असायची.

दार दादांनी उघडलं. आत वहिनी त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"हिला सांग," दादा मला म्हणाले, "चहा आठ दिवस गार मिळतोय."

"त्यांना सांग," वहिनी म्हणाल्या, "शेगडी त्यांनाही पेटवता येते."

मी टाकीकडे पाहिलं. चंदेरी मासे नव्हते.

"ते मोरीतल्या टबात आहेत," वहिनी म्हणाल्या. "कालच काढले. शेपट्या बघवत नव्हत्या गं. भावोजींनी आयुष्यभर मार खायला लावला त्यांना. म्हटलं, आता तरी सुटू देत. आणि या नवरा-बायकोलाही जरा निवांतपणा."

मादी वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे उभी होती. रंग उडालेला. एका बाजूचा पर अर्धा गेलेला. नर खालून आला, तिला धडक मारून गेला. पुन्हा वळला.

मी काय झालंय ते सांगितलं. काकांचेच शब्द वापरले. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

मग मी स्वयंपाकघरातली भांडी निथळायची प्लॅस्टिकची जाळी उचलली. मादीची उंची काचेवरून पट्टीने मोजली. चार सेंटिमीटर. नर सहाच्या वर. जाळीला साडेचारचं भोक कापलं आणि ती मादीच्या कोपऱ्याला आडवी बसवली. तिला जाता येईल, त्याला नाही. नवं कोणी सोडायचं असलं की काका आधी दगड हलवत. घर सगळ्यांनाच नवं वाटलं पाहिजे, म्हणत. मी दगड हलवले. माझे हात कोपरापर्यंत भिजले. मग टबातले सहा मासे एकेक करून आत सोडले.

नर जाळीवर दोनदा आपटला. मग त्याला ते सहा दिसले. तो त्यांच्या मागे धावला. ते फुटले, वर गेले, पुन्हा एकत्र आले. तो पुन्हा धावला.

आम्ही तिघं बघत उभे होतो. बराच वेळ गेला. मी कोपऱ्यात दाणे टाकले. मादीने पाहिलं. एक दाणा खाली गेला, दुसराही. तिसरा तिने खाल्ला.

"माझी नवी जाळी होती ती," वहिनी म्हणाल्या.

"आणि फरशी बघा," दादा म्हणाले. "सगळीकडे पाणी. काम करायची ही काय पद्धत?"

"तेच म्हणते मी. आधी खाली कापड अंथरायला नको?"

"आजकालच्या मुलींना सांगणार कोण!"

"कोण म्हणजे? आपणच सांगायचं," वहिनी दादांकडे बघून म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. "तीन कप टाकते हो."

मी आत गेले. मोरीतून फडकं आणलं.

"कोपऱ्यात राहिलंय," दादा म्हणाले. "आणि उद्या पाचच्या आत ये. दाणे किती घालायचे ते आम्हाला काय ठाऊक?"

मी कोपरा पुसला.