एकोणीस वर्षं न मिटलेली जखम

वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाचा कुणावर विश्वास म्हणून उरत नाही. भरला ट्रक तोलताना क्लीनर पोत्यांत दडून बसतो आणि रिकामा तोलताना साळसूदपणे खाली उतरतो, हे ज्याने रोज पाहिलं, तो सख्ख्या भावाकडेही डोळे बारीक करूनच बघणार. काट्यावरचे कारकून, सगळ्यांचे काटेकाका, तसेच होते.

एकदा एका ट्रकच्या रेडिएटरमधलं उकळतं पाणी त्यांच्या उजव्या नडगीवर सांडलं. कातडी भरून आली, पण मधोमध रुपयाएवढी जखम काही मिटेना. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर दिवसाआड मलमपट्टी करायचा. काकांना वाटायचं, हाच ती मुद्दाम ओली ठेवतो. म्हणून दर एक तारखेला ते जखम दोऱ्याने मोजत आणि आकडा डायरीत लिहीत. डायरी कपड्यांच्या घडीखाली. अशी एकोणीस वर्षं गेली.

मग कडा वर आल्या, रक्त येऊ लागलं.

"अहो, वास बदललाय हिचा," बायको म्हणाली.

"तुझ्या भावाने पढवलंय वाटतं? मला घरी बसवायचा बेत दिसतोय तुमचा."

तरी तिने त्यांना मोठ्या इस्पितळात नेलंच. सर्जनबाईंनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला : जुनाट सूज, कॅन्सर नाही. काका खूश. पण तो तुकडा मधोमधचा होता. बाईंना आणखी एक हवा होता, कडेचा.

"म्हणजे पहिला रिपोर्ट खोटा होता, की दुसरा खोटा येणार आहे?" काकांनी विचारलं.

बाई चिडल्या नाहीत. "काका, जखम झाली की तिथल्या पेशी रसायनांमधून निरोप धाडतात. पांढऱ्या पेशींनो या, नवं मांस वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा. त्यालाच आपण सूज म्हणतो. काम झालं की ते थांबायला हवं. तुमच्या पायात थांबलंच नाही. सतत वाढा, वाढा चाललं की एखादी पेशी बिघडू शकते, आणि मग त्याच निरोपांवर ती पोसते."

"आणि पांढऱ्या पेशी काय बघत बसतात?"

"सूज लांबली की त्यांना उलटे निरोपही जातात. गप्प बसा, नव्या मांसाला हात लावू नका. त्यात बिघडलेली पेशीही वाचते."

"म्हणजे आतलेच सामील," काका म्हणाले. हे मात्र त्यांना चटकन पटलं.

"जखम वाढतेय कधीपासून?"

तेवढ्यात बायकोने पिशवीतून डायरी काढून टेबलावर ठेवली. हिला कधीपासून ठाऊक? काका तिच्याकडे बघतच राहिले. बाईंनी पानं चाळली. इतकी वर्षं आकडा जागचा हलला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत जखम दुप्पट झाली होती.

"आता दुसरा तुकडा घ्यायलाच हवा," बाई म्हणाल्या.

त्या तुकड्यात कॅन्सर निघाला. काकांनी त्या तुकड्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या गावच्या इस्पितळातही फिरवून आणल्या. तिथेही तेच. मग मात्र ते मुकाट्याने ऑपरेशनला गेले. जखम भोवतालच्या मांसासकट काढली, मांडीची कातडी तिथे लावली. कॅन्सर पसरलाय का हे बघायला जांघेतल्या गाठी तपासल्या, त्या साफ होत्या.

पाय बरा झाल्यावर ते कंपाउंडरकडे गेले.

"दरवर्षी सांगत होतो, मोठ्या डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला. "तुम्ही विचारायचात, तुझं कमिशन किती."

त्याने पुढे केलेला चहा काकांनी निमूट घेतला. त्यात साखर जास्त होती, पण तेही ते बोलले नाहीत.

कॅन्सर उलटला तर जांघेत गाठ येऊ शकते, असं बाईंनी बजावलंय. म्हणून दर रविवारी काका जांघ चाचपून घेतात, तीही बायकोकडून. स्वतःच्या बोटांवर त्यांचा भरवसा नाही.